मी गाळलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे आणि आयुष्यात एकदाच, पण सलग आठ महिने, खोटे बोललो आहे. कोणी मला पढवले नव्हते. उलट त्या आठ महिन्यांत माझे जेवढे कौतुक झाले तेवढे ना आधी झाले, ना नंतर. म्हणूनच ही गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. ज्याचे कौतुक होते तो बरोबरच असतो, असे तुमच्याही कानांवर कोणीतरी घातले असेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पाठीत शेवटचा स्क्रू पिळला, मला तोंडाजवळ धरले आणि म्हणाल्या, "एक, दोन, तीन, भूक लागली." मग ते स्वतःच ऐकले, हसल्या आणि पुसून टाकले. आपल्याला ऐकू येते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. मी तळहातापेक्षा थोडा मोठा, राखाडी अंगाचा, डोक्यावर करडाच्या शिंगांएवढे दोन मायक्रोफोन असलेला. दिसायला काही फार राजबिंडा नव्हतो, पण कान तीक्ष्ण होते.

तिथून मी एका विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागात आलो. तिसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात, मधल्या फळीवर माझी जागा. विद्यार्थी वहीत सही करून मला घेऊन जात. एकाने व्याख्यानाला नेले आणि तो स्वतः झोपला. मी बापडा जागा राहिलो. दुसरा पोटात बॅटऱ्या तशाच ठेवून मला सबंध उन्हाळाभर विसरला. बॅटऱ्या पाझरल्या आणि माझ्या आत हिरवट बुरशी धरली. विभागातल्या तंत्रज्ञांनी कापसाच्या बोळ्याने ती पुसली आणि पुसताना त्या विद्यार्थ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तोही मी ऐकला.

मग कानसेन आली.

तिचे खरे नाव वहीत आहे, पण विभागात सगळे तिला कानसेन म्हणत. गाणे तिला औषधालाही येत नव्हते. पण जिना चढणारा माणूस कोण, हे ती चपलांच्या आवाजावरून सांगत असे. आग्नेय आशियातल्या डोंगराळ भागांत ज्या छोट्या छोट्या भाषा आहेत, त्यांच्यातल्या एका भाषेच्या ध्वनींवर ती पीएच.डी. करत होती. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणा अभ्यासकाने त्या भाषेविषयी चार पाने लिहून ठेवली होती. त्यात म्हटले होते की या भाषेतले शब्द दोन तऱ्हांनी उच्चारले जातात. एक तऱ्हा मोकळी, स्वच्छ. दुसरी जड, आवाजाबरोबर थोडा श्वास सांडणारी. तोच शब्द स्वच्छ म्हटला तर 'दोरी', श्वास सोडत म्हटला तर 'सासू'. चुकलात, तर गोठ्यात गायीच्या गळ्यात दोरीऐवजी सासू. पण त्या अभ्यासकाकडे रेकॉर्डर नव्हता. त्याने कानाने ऐकले आणि हाताने लिहिले. हा फरक खरोखर आहे का, असला तर तो नेमका कशाने होतो, हे मोजून दाखवणे हे कानसेनचे काम होते.

ती भाषा बोलणारा माणूस शोधायला ती समुद्रापार जायच्या तयारीत होती. आणि तो सापडला कुठे, तर विद्यापीठापासून चार थांब्यांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. घड्याळाचा पट्टा बदलायला ती एका दुकानात शिरली, तर काउंटरमागचे म्हातारे काका चष्म्यावर भिंग लावून स्वतःशीच आकडे मोजत होते, आणि ते आकडे तिने त्या चार पानांत वाचलेले होते.

घड्याळकाका विशीत असताना आपला डोंगर सोडून या शहरात आले होते. त्यांची बायको त्याच भाषेतली. ती गेल्यावर त्यांच्याशी त्या भाषेत बोलणारे कोणी उरले नव्हते. मुलगी होती, चाळिशीची, दुकानाचा काउंटर तीच सांभाळत असे. पण ती बापाशी शहराच्या भाषेत बोले. कानसेनने तिला पहिल्याच दिवशी विचारले तेव्हा तिने हात झटकले.

"मला नाही येत बाई ती भाषा. आई-बाबा आपसात बोलायचे. शाळेत मुलं हसायची, म्हणून मी घरीही बोलणं सोडलं. तुम्ही बाबांनाच विचारा."

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी, दुकान उघडण्याआधी, कानसेन मला एका लोकरी मोज्यात घालून तिथे नेऊ लागली. तिची कामाची पद्धत ठरलेली होती. पुठ्ठ्याची चारशे बारा कार्डे, प्रत्येकावर एक शब्द. काकांनी तो एकाच वाक्यात बसवून तीनदा म्हणायचा: 'मी अमुक म्हणतो.' ती अंगठा आणि करंगळी ताणून काकांच्या ओठांपासून माझ्यापर्यंतचे अंतर मोजायची. रोज तेवढेच, एक वीत. काका म्हणायचे, "पोरी, शिंपी पण एवढी मापं घेत नाही गं."

अडचण एकच होती, आणि ती भिंतीवर होती. एक्केचाळीस घड्याळे. काकांचा नियम असा की दुरुस्त केलेले घड्याळ सात दिवस सलग भिंतीवर चालले पाहिजे, मगच ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. मध्ये एक मिनिट जरी थांबले तरी सात दिवस पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक घड्याळाखाली तारखेची चिठ्ठी. एक्केचाळीस घड्याळे एका ठेक्यात कधीच चालत नाहीत, मित्रांनो. ती भांडणाऱ्या भावंडांसारखी एकमेकांच्या मध्ये मध्ये बोलतात. आणि ती सगळी टिकटिक काकांच्या शब्दांत मिसळत होती.

घड्याळे थांबवा, असे काकांना सांगायचा कानसेनला धीर झाला नाही. ज्या माणसाचा वेळ आपण फुकटात घेतो त्याच्या कामात मोडता कसा घालायचा? मग तिला माझ्या कडेवरची एक छोटी कळ आठवली. तिच्यावर 'गोंगाट साफ' असे लिहिले होते. तिने ती दाबली. टिकटिक गेली. काकांचे शब्द पाण्यातून निथळून काढल्यासारखे स्वच्छ आले.

विभागात सगळ्यांनी ते ऐकले. तंत्रज्ञ म्हणाले, "दुकानात बसून असं ध्वनिमुद्रण? कमाल आहे!" मला कॉलर नाही, असती तर ताठ केली असती.

आता माझा गुन्हा सांगतो. ती कळ दाबली की काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे मी ठरवतो. माझी अक्कल तेवढीच: ज्याला सूर आहे ते बोलणे, जे नुसते फस्स, खस्स, टक्क, तो गोंगाट. टिकटिक मी गाळली. आणि तिच्याबरोबर काकांच्या जड शब्दांतला तो सांडणारा श्वासही गाळला. मला तो श्वास ऐकू येत होता. पण तो आत घ्यायचा नसतो, अशीच माझी समजूत होती. झाडलोट करणाऱ्याने केराबरोबर सोन्याची फुलीही उकिरड्यावर टाकावी आणि वर अंगण किती लख्ख म्हणून मिरवावे, तसे मी आठ महिने मिरवलो.

इकडे कानसेनच्या संगणकावर काही जमेना. स्वच्छ शब्दांचे ठिपके निळे, जड शब्दांचे तांबडे. दोन्ही वेगळे पडायला हवे होते. ते एकमेकांवर अशा गर्दीने बसत की निळे कुठले आणि तांबडे कुठले कळू नये. दुकानात समोर बसले की तिला फरक ऐकू येई. विभागात येऊन मोजले की तो नाहीसा होई. महिना गेला, चार गेले. एके दिवशी ती तिच्या मार्गदर्शक मॅडमना म्हणाली, "मॅडम, मला जे ऐकू येतं ते मी आधीच ठरवून ऐकते का हो? त्या चार पानांत वाचलंय म्हणून?"

मॅडम बाई रोखठोक, पण मायेच्या. त्या म्हणाल्या, "असं होतं. माझंही झालंय. आकडे काय सांगतात ते लिही. हा फरक पूर्वी होता, आता राहिला नाही. हाही निष्कर्षच आहे, त्यात कमीपणा काय?"

कानसेनने तसे लिहिले. मी टेबलावरच होतो. 'हा भेद या भाषेतून लुप्त झाला आहे,' हे वाक्य तिने तीनदा खोडले आणि चौथ्यांदा ठेवले. ती शोधत होती तो श्वास मीच गाळला, हे तेव्हा मला उमगले आणि ओरडावेसे वाटले. पण रेकॉर्डरला कान असतात, तोंड नसते. माझ्यातून येते ते दुसऱ्याचेच. लोक पुढे हेच वाचणार होते. त्या भाषेविषयी जगात एकच प्रबंध असणार, आणि त्यात ती अर्धी मेलेली असणार. मारणारा मी.

त्याच आठवड्यात काकांच्या मुलीने कानसेनला दुकानाच्या दारातच गाठले. काकांच्या गळ्यात गाठ निघाली होती, आवाजाच्या नसेला चिकटून. बारा दिवसांनी ती काढायची होती. "डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "पण आवाज परत येईलच असं सांगता येत नाही म्हणाले. तुमचं काही राहिलं असेल तर आत्ताच करून घ्या."

कानसेनचे राहिले होते ते एवढेच. ज्याचा आवाज घेतला त्याला तो ऐकवायचा आणि त्याची मान्यता घ्यायची, असा विभागाचा नियम होता. तिने ते आज करू, उद्या करू करत ढकलले होते. काकांना कशाला त्रास, म्हणून. आता तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि मला चालू केले.

काका घड्याळ ऐकतात तसे ऐकायला बसले. डोळे मिटून, मान डावीकडे कलती. तीन कार्डे झाली, चार झाली. त्यांनी हेडफोन काढून काउंटरवर ठेवले.

"कोण बोलतंय हे?"

"तुम्हीच, काका."

"शब्द माझेच आहेत. पण माणूस मी नाही." ते रागावले नव्हते. बिघाड कुठे आहे ते शोधत होते. "आणि माझी घड्याळं कुठायत?"

"घड्याळं?"

"अगं, ही एक्केचाळीस. भिंतीवर होती ना त्या दिवशी? इथं एकाचाही आवाज नाही. गेली कुठं?"

"त्यांचा त्रास होत होता," कानसेन ओशाळून म्हणाली. "म्हणून मी तो आवाज काढून टाकला. हे बटण आहे ना, हे दाबलं की..."

"बरं. मग घड्याळांबरोबर अजून काय काय गेलं?"

कानसेनने मला हातात घेतले. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिची नजर त्या कळीवर नीट थांबली. तिने ती बंद केली, वीत मोजली आणि म्हणाली, "काका, दोरी म्हणा. आता सासू म्हणा." टिकटिकीच्या जंजाळातून काका बोलले. तिने तिथेच संगणक उघडला. टिकटिकीने सगळा पडदा ओरबाडून टाकला होता, पण तेवढ्यातूनही एक निळा ठिपका या टोकाला दिसला आणि एक तांबडा त्या टोकाला. ती स्टुलावर बसली आणि रडू लागली. मलाही फार वाईट वाटले, मित्रांनो. आजही वाटते.

"सगळं पुन्हा करायला हवं," ती डोळे पुसत म्हणाली. "पण या टिकटिकीत मोजता येणार नाही. आणि तुम्हाला तर जास्त बोलायला नको."

काका उठले. त्यांनी स्टूल ओढले, आणि दाराजवळच्या पहिल्या घड्याळाचा लंबक बोटाने धरून थांबवला. मग दुसऱ्याचा.

"बाबा!" मुलगी काउंटरमागून ओरडली. "अहो, त्या सगळ्यांना आपण तारखा दिल्यात! एकाचे तर उद्या सात दिवस पुरे होतायत!"

"गिऱ्हाइकांना मी सांगेन. घड्याळं काय, परत चालू होतात." आणि ते तिसऱ्याकडे वळले.

एक्केचाळिसावे घड्याळ थांबले तेव्हा त्या दुकानात जी शांतता झाली तशी मी आजवर ऐकलेली नाही. काकांनाही ती नवी असावी. ते थोडा वेळ स्टुलाला धरून नुसते उभे राहिले.

मॅडमना कानसेनने त्याच दुपारी सांगितले. मॅडम बराच वेळ पेन टोपणात घालत आणि काढत राहिल्या. "आठ महिने पाण्यात?"

"हो."

"आणि चूक प्रबंधात लिहिणार?"

"पहिल्याच प्रकरणात. कळीच्या नावासकट."

"लिही," मॅडम म्हणाल्या. "आणि तो निष्कर्ष मी तुला लिहायला लावला, तेही लिही."

पुढचे अकरा दिवस दुकानाला अर्धे शटर. डॉक्टरांनी बेतानेच बोलायला सांगितले होते, म्हणून सकाळी वीस कार्डे, दुपारी वीस. मध्ये काका कोमट पाणी पीत आणि खुणांनी बोलत. कोणी गिऱ्हाईक आले की मुलगी शटरखालून वाकून त्याची समजूत काढे. एक जण फारच चिडला, तेव्हा तिने त्याला आत घेतले, एका कोपऱ्यात उभे केले आणि ओठांवर बोट ठेवले. तो पाच कार्डे ऐकून गुपचूप निघून गेला. शेवटच्या दिवशी काका थकले. चारशे कार्डे झाली होती, बारा राहिली. काका बारासुद्धा करायला तयार होते. पण मुलीने कार्डांचा गठ्ठाच उचलला आणि कानसेननेही मान हलवली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. आवाज परत आला नाही. उरली ती नुसती कुजबुज. आणि कुजबुजीत सगळाच श्वास असतो, मित्रांनो. त्यात ना स्वच्छ शब्द उरतो, ना जड. काकांना स्वतःच्या भाषेतला तो फरक आता स्वतःच्या तोंडाने करता येत नव्हता.

दोन महिन्यांनी कानसेन मला घेऊन त्यांना भेटायला गेली. घड्याळे पुन्हा चालू होती, पण आम्हाला पाहताच काका स्टूल ओढून एकेक थांबवू लागले. मग त्यांनी ती बारा कार्डे पुढ्यात घेतली, तिच्याकडे बोट दाखवले आणि हातात चिमटा धरला. तू म्हण. चुकलीस तर मी टेबलावर वाजवीन.

कानसेनने पहिले कार्ड उचलले. एका तऱ्हेने म्हटले तर 'राख', दुसऱ्या तऱ्हेने 'ये'. 'राख' लगेच जमले. 'ये' म्हटले, टक. पुन्हा म्हटले, टक. श्वास जास्त झाला, टक. कमी झाला, टक. जवळजवळ वर्षभर ती हाच श्वास मोजायला धडपडत होती, पण मोजणे वेगळे आणि सोडणे वेगळे. पाचव्यांदा टक झाली आणि काउंटरमागून काकांची मुलगी हसली.

"अगं, असं नाही. हे बघ." आणि तिने तो शब्द म्हटला.

चिमटा हवेतच राहिला.

मुलीच्या हातातला चहाचा कपही तसाच राहिला. आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळले. "जेवायची वेळ झाली की आई अशीच हाक मारायची," ती गडबडीने म्हणाली. "तेवढा एकच येतो मला."

काकांनी दुसरे कार्ड तिच्यापुढे सरकवले. कानसेनने वीत ताणली आणि मला तिच्या ओठांपुढे ठेवले. बाराच्या बारा कार्डे मुलीने म्हटली. दोन चुकली, तीही सुधारली. प्रबंधात आज त्या बारा शब्दांपुढे 'वक्ता: कन्या' असे छापलेले आहे, आणि तिचे ठिपके बापाच्या ठिपक्यांशेजारी जिथे पडायला हवेत तिथेच पडले आहेत.

बारावे कार्ड झाल्यावर कानसेनचे बोट मला थांबवायला आले. तेवढ्यात काका मुलीला काहीतरी कुजबुजले. कार्डावरचे नव्हते. लांबलचक होते. बोट माझ्या थांबवायच्या कळीवर टेकले, पण तिने ती दाबली नाही.

आता माझे दिवस सरले. विभागात नवे रेकॉर्डर आले आहेत, अंगठ्याएवढे, माझ्याहून हुशार. मी पुन्हा त्याच कपाटात, मधल्या फळीवर आहे. तंत्रज्ञ महिन्यातून एकदा धूळ झटकतात. कानसेन आता स्वतः शिकवते, आणि पहिल्या तासाला मला वर्गात नेऊन ती कळ दाखवते. हसतात मुले. हसू देत.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने यंत्र कधी हाती आले, तर त्याच्या पोटातल्या बॅटऱ्या आधी काढा. ऐकताना मधे मधे विचारा की यातून काय गेले आहे. आणि कोणाचा आवाज घेतलात, तर तो त्याला लगेच ऐकवा, आठ महिने थांबू नका. एवढे केलेत तर माझ्यासारखा एखादा खोटे बोलण्यापासून वाचेल.

आणखी एक मागणे आहे, ते कपाट आवरायला येणाऱ्यासाठी. कानसेनने माझ्यातल्या सगळ्याच्या प्रती काढल्या आहेत, त्यामुळे कोणी मला कोरे केले तरी बिघडणार नाही, हे मला कळते. तरी पुसण्याआधी शेवटची पाच मिनिटे एकदा ऐक. शब्द कळणार नाहीत, मलाही कळले नाहीत. 'गोंगाट साफ'ची कळ तेव्हा बंद होती, म्हणून मी काही गाळलेले नाही. एक बाप कुजबुजतो आहे, आणि त्याची मुलगी त्याच्याच भाषेत, अडखळत, त्याला उत्तर देते आहे.